न दिलेला होकार मोजणार नाही

पेडणेकर मॅडमना बोटाने मोजणारा माणूस बघवत नसे. स्क्रीनला बोट लावून कोणी "एक, दोन, तीन" सुरू केलं की त्या खडू फेकून मारत. खडूही शाळेतला नाही, शिंप्याचा, चपटा. तो कपाळावर लागला तर चांगलाच लागे. क्लासमध्ये फळा नव्हता, म्हणून त्या लादीवर लिहीत आणि लिहून झालं की चपलेने पुसत. त्यांच्या डाव्या चपलेचा पुढचा भाग कायम पांढरा असे.

विक्रोळी पूर्वेला आमची दोन माळ्यांची चाळ आहे. खाली मंडळाची खोली. गणपतीत तिथे मूर्ती बसते, बाकी वर्षभर तिथे मॅडमचा क्लास चालायचा. खोली चाळ कमिटीची, पण भाडं घेत नसत, कारण चाळीची सगळी कॉम्प्युटरची कामं मॅडम फुकट करून देत. चार जुने कॉम्प्युटर होते. त्यातल्या एकाचं बटण आत गेलेलं, ते पेनाच्या टोकाने दाबावं लागे.

मी बारावीनंतर त्यांच्याकडे गेले. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. पहिल्याच आठवड्यात सरांनी काहीतरी एक्सेलमध्ये करून आणायला सांगितलं, तेव्हा वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या म्हणून मीही डोलावली होती. मॅडमना हे सांगायची लाज वाटत होती. त्यांनी विचारलंच नाही. मुलांच्या नावांचा एक तक्ता समोर उघडला आणि म्हणाल्या, "यात पास किती ते सांग."

मी बोट उचललं. खडू आला.

"बोट खिशात घाल."

"मॅडम, ड्रेसला खिसा नाहीये."

"मग शिवून घे. मी घेतलाय." त्यांच्या प्रत्येक पंजाबी ड्रेसला खरोखरच खिसा होता. त्यात खडू, पेनड्राइव्ह आणि आल्याच्या वड्या असत.

मग त्या खाली बसल्या आणि लादीवर चौकटी आखायला लागल्या. "ही आपली चाळ बघ. वर ए, बी, सी लिहिलंय, ते माळे. बाजूला एक, दोन, तीन, ते खोली नंबर. सी-पाच म्हणजे सी माळ्यावरची पाच नंबरची खोली. पोस्टमनला कळतं, तुला का कळू नये? आता मोजायचा फॉर्म्युला, काउंटइफ, म्हणजे काय? तो एक माणूस आहे. फार इमानदार आणि फार ठोंब्या. त्याला दोनच गोष्टी सांगायच्या. कुठल्या खोल्या बघ आणि काय दिसलं तर मोज. तू जे सांगशील ते तो करील. तुझ्या मनात काय होतं ते त्याला कळत नाही."

त्या दुसऱ्या गोष्टीला, काय दिसलं तर मोजायचं त्याला, त्या 'अट' म्हणत. आणि "अट सांग" हे त्यांचं बोलणं क्लासपुरतं नव्हतं. भाजीवाल्याने मेथी ताजी आहे म्हटलं की, "अट सांग. ताजी म्हणजे आज सकाळची की कालची पाणी मारलेली?" माझी मैत्रीण पल्लवी एकदा म्हणाली, "मॅडम, मला ना फक्त चांगला नवरा पाहिजे." मॅडम स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "चांगला ही अट नाही गं. फॉर्म्युला शून्य देईल."

त्या चाळिशीच्या असतील. लग्न केलं नव्हतं. पहिल्या माळ्यावरच्या खोलीत त्या आणि त्यांची आई राहत. आईला अख्खी चाळ आये म्हणे. मॅडम आधी अंधेरीला कुठल्याशा कंपनीत होत्या. ती नोकरी कशी गेली याची गोष्ट त्या दर वेळी वेगळी सांगत. एकदा म्हणाल्या, साहेबांनी काढलं. एकदा म्हणाल्या, मीच राजीनामा तोंडावर मारला. एकदा नुसतं, "कंपनी मला सोडून गेली." मला वाटतं, तिन्हींत थोडं थोडं खरं असावं. एवढं मात्र कळलं होतं की साहेबांना एक आकडा हवा होता आणि तो मॅडमच्या शीटमध्ये येत नव्हता.

त्या चुकत नसत असं नाही. चुकत, आणि चुकल्या तरी मान वर ठेवून चुकत. महाप्रसादाच्या वेळी असंच झालं. चाळीतल्या मुलांनी मोबाइलवर सगळ्यांना विचारून एक शीट भरली होती, जेवायला कोण येणार. मॅडमनी अट घातली, 'हो' असेल ते मोज. काउंटइफने मोजलं, त्याप्रमाणे आचाऱ्याला सांगितलं, आणि दुसरी पंगत उठायच्या आत पुरीभाजी संपली. लोक ताटं घेऊन उभे. शीट उघडून बघितली तर कोणी 'होय' लिहिलेलं, कोणी 'येतो', कोणी 'नक्की', कोणी 'यस', आणि सावंतांच्या पोराने नुसता अंगठा टाकलेला. ते सगळे उपाशी.

"मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरने वाट लावली ना आमची!" सावंत ओरडले.

"कॉम्प्युटरने नाही, तुम्ही. एवढासा 'हो' लिहायला काय झालं होतं?" म्हणत मॅडमनी स्वतः कढईसमोर बसून पुऱ्या तळल्या. तळता तळता मला म्हणाल्या, "लक्षात ठेव. माणूस होकार शंभर प्रकारे देतो. नकार एकाच प्रकारे देतो. पुढच्या वेळी अट उलटी घालायची. 'नाही' सोडून बाकी सगळे मोज."

पुढच्या वर्षी त्यांनी तसंच केलं. पोळीचा तुकडासुद्धा कमी पडला नाही. मॅडम खूश होत्या. आम्हा सगळ्यांना त्यांनी ती उलटी अट शिकवली. दोन टोकदार कंस, एक डावीकडे बघणारा आणि एक उजवीकडे, आणि पुढे 'नाही'.

त्यानंतर चाळीत बिल्डर आला.

चाळ पाडून टॉवर बांधायचा, तोवर भाड्याने दुसरीकडे राहायचं, मग प्रत्येकाला संडास-बाथरूमसकट घर. अर्ध्याहून जास्त खोल्यांची संमती झाली की कमिटी बिल्डरला पत्र देणार, असं ठरलं. घरोघर फॉर्म गेले. आमच्या फॉर्मवर पप्पांनी काहीच लिहिलं नाही, तो परतही दिला नाही. खोली आजोबांच्या नावावर, गावच्या काकांचा त्यात हिस्सा. शिवाय मधल्या काळात कुठे राहायचं ते कागदात कुठेच नव्हतं. पप्पा इथून सायकलने कंपनीच्या कॅन्टीनला जातात, पहाटेची पाळी. ते म्हणायचे, "एकदा कुलूप लावून निघालो आणि परत यायला नाही मिळालं, तर?" कोणाला विचारावं हेही त्यांना कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. कॉलेजात जाते म्हणून सगळं कळतं असं घरच्यांना वाटतं, तसं नसतं.

मॅडमना मात्र ते घर मनापासून हवं होतं. आयेचे गुडघे गेले होते. संडास खाली, चाळीच्या टोकाला. दर वेळी मॅडम तिला जिन्यावरून धरून उतरवत, बाहेर बादली घेऊन उभ्या राहत, परत चढवत. आये प्रत्येक पायरीवर एक शिवी देई, कधी गुडघ्याला, कधी जिन्याला, कधी लेकीला. मॅडमनी फॉर्म आला त्याच दिवशी 'होय' लिहून दिला होता.

सभा खालच्या मोकळ्या जागेत होती. चाळीत चौसष्ट खोल्या, म्हणजे तेहतीस होकार लागणार होते. फॉर्म शीटमध्ये भरायचं काम कमिटीच्या मुलांनी केलं होतं आणि मोजायचं मॅडमनी, त्याच जुन्या उलट्या अटीने. कमिटीचे अध्यक्ष दळवी काका माइकवर म्हणाले, "पंचेचाळीस संमती! उद्या सकाळी पत्र जातं." टाळ्या झाल्या. वर गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली आयेसुद्धा टाळ्या वाजवत होती.

तेवढ्यात मोनिका मावशी उठल्या. त्या तळमजल्यावर एकट्या राहतात, मूळच्या मरोळच्या गावठाणातल्या. "पंचेचाळीस? मग नाय बोलणारे एकोणीसच? मी तर फॉर्म दिलाच नाय. मला कशात घातला?"

"मावशी, तुम्ही विरोध केला नाहीत ना? मग झालं तर," दळवी काका हसून म्हणाले.

मॅडम टेबलापाशी बसल्या होत्या. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. त्यांनी शीट खाली ओढत नेली. मधेमधे पांढऱ्या, काहीच नसलेल्या चौकटी होत्या. मी मॅडमना पहिल्यांदाच स्क्रीनला बोट लावताना बघितलं. त्यांनी एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, असं शेवटपर्यंत. मग त्या उठल्या आणि दळवी काकांच्या हातातून माइक घेतला.

"थांबा. टाळ्या परत घ्या. माझी अट चुकली."

"मॅडम, नंतर बघू."

"आत्ताच. मी 'नाही' सोडून सगळं मोजलं. ज्यांनी काहीच लिहिलं नाही, त्या पंधरा खोल्यासुद्धा होकारात गेल्या. महाप्रसादाला चाललं. जेवायला न सांगता कोणी आलं तर पुरी जास्त लागते, एवढंच. इथे घर जाईल. खरे होकार तीस आहेत."

गडबड सुरू झाली. दळवी काका माइकशिवायच ओरडले, "अहो, मग तीनच कमी पडतात! तीनासाठी काय अडवताय? पंधरातले तीन तर पुढे-मागे हो म्हणणारच."

"मग म्हणू देत. म्हटले की मोजते."

"गप्प बसणं म्हणजे विरोध नाही, एवढं तरी मान्य कराल?"

"दळवी काका, तुमच्या मुलीला स्थळ आलं आणि ती काही बोललीच नाही, तर लग्न लावून टाकाल?"

मागून सावंतांची म्हातारी म्हणाली, "आमचा तसाच लावला होता गो!" सगळे हसले. मग हसणं एकदम थांबलं, कारण म्हातारी हसत नव्हती.

दळवी काका जवळ येऊन, मॅडमना घरच्या नावाने हाक मारत हळू आवाजात म्हणाले, मला ऐकू आलं ते, "वैजू, तुझाच फायदा आहे यात. आईकडे बघ जरा. पंचेचाळीस आकडा तूच दिलास, तो राहू दे. कोण तपासतंय?"

"मी तपासतेय ना," मॅडम माइकमध्येच म्हणाल्या. "माझा होकार आहे. तो मोजा. जो दिलेला नाही तो मी मोजणार नाही आणि कोणाला मोजू देणार नाही. पत्र गेलं तर त्यामागे दुसरं पत्र माझं जाईल."

पत्र गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या खोलीला नवं कुलूप दिसलं. कॉम्प्युटर मॅडमचे होते, ते तासाभरात बाहेर काढून ठेवलेले. मॅडमनी ते आम्हा मुलींकडून वर नेऊन घेतले आणि त्याच संध्याकाळी गॅलरीत क्लास भरवला. एकच लॅपटॉप, घरातून ओढलेली वायर, आणि ये-जा करणारे पाय उचलून वायरवरून जाताना काहीतरी पुटपुटत. निम्मी मुलं यायची बंद झाली. दळवी काकू जिन्यात उभ्या राहून मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या, "स्वतःचं भलं कळत नाही आणि दुसऱ्यांना शिकवतेय."

आये आतून लेकीवर आधीच पेटलेली होती. सभेच्या रात्री तिचा आवाज आमच्या घरापर्यंत येत होता. "गो वैजू, माका घरात संडास होयो, तां तुका कळना नाय काय?" पण दळवी काकूंचं बोलणं ऐकून ती भिंत धरत दारात आली. "खोटा सांगल्यान तर मी तिका बडवीन. खरा सांगल्यान, तर तुमी कोण इचारणारे?" मग आत वळून, "आणि तू काय दात काढतंस? चाय ठेव."

मॅडमनी मग एक काम केलं जे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शीटमध्ये प्रत्येक चौकटीला यादी लावली, म्हणजे मनाला येईल ते लिहिता येणार नाही, त्यातूनच निवडायचं. होय, नाही, आणि तिसरं त्यांनी स्वतः घातलं, 'ठरलं नाही'. लॅपटॉप काखेत मारून त्या त्या पंधरा खोल्यांत गेल्या. गोड बोलायला नव्हे. आमच्याकडे आल्या तेव्हा दारातूनच पप्पांवर बरसल्या.

"गप्प का बसलात तुम्ही? तुमचं गप्प बसणं मी होकार म्हणून मोजलं, कळतंय का? उद्या कोणी दुसरा मोजेल आणि तो माइक घेऊन उठणार नाही. हो म्हणा, नाही म्हणा, नाहीतर ठरलं नाही म्हणा. पण म्हणा!"

पप्पा उभेच राहिले. त्यांना मॅडमसमोर बसता येत नव्हतं. "मॅडम, तुमच्या आईला त्या जिन्यावरून बघतो रोज. आमच्यामुळे तुमचं घर अडलं."

"तुमच्यामुळे नाही हो. तुम्हाला पुढे करून मी काही मोठी होत नाहीये. उत्तर चुकीचं दिलं की मला जेवण जात नाही, एवढंच आहे ते. बसा. काय अडचण आहे?"

पप्पांनी सांगितलं. काकांचा हिस्सा, पहाटेची पाळी, मधल्या काळातलं घर कुठे ते कागदात नाही. मॅडमनी मला तो कागद मोठ्याने वाचायला लावला, पहिल्या ओळीपासून. मी वाचत होते आणि त्या मधेच थांबवून पप्पांना विचारत, "कळलं? नाही? परत वाच गं." माझा घसा सुकला. शेवटी पप्पा म्हणाले, "हे जवळच्या घराचं लिहून दिलं तर माझी हरकत नाही. आज नाही सांगता येत."

मला वाटलं, मॅडम आता थोडं समजावतील. तीनच तर हवे होते. त्यांनी लॅपटॉप पप्पांकडे वळवला. "तुम्हीच निवडा." पप्पांनी कधी लॅपटॉपला हात लावला नव्हता. त्यांनी पँटला हात पुसला आणि खाली उतरत जाऊन 'ठरलं नाही' निवडलं.

पंधरांपैकी सात जणांनी नाही म्हटलं, दोघांनी हो, बाकीच्यांचं ठरलं नव्हतं. आणि मॅडम घरोघर फिरल्याचं ऐकून आधी हो म्हटलेल्यांपैकी चार जण कागद परत वाचायला मागायला लागले. मॅडमनी नवा आकडा लिहून कमिटीच्या फळ्यावर लावला. कोणीतरी तो फाडला. त्यांनी परत लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा पप्पा पाळीवरून येऊन तिथे नुसते उभे राहिले होते, मोनिका मावशी स्टूल घेऊन बसल्या होत्या. तो फाटला नाही.

बिल्डरची माणसं अजून येतात. आता ती जवळचं भाड्याचं घर आणि हिश्श्याचं काय ते लिहून द्यायला तयार आहेत, अजून दिलेलं नाही. पण त्या पावसाळ्यात जिन्यावर आयेचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, तरी त्यानंतर ती उतरायला घाबरायला लागली. मॅडमनी कळव्याला तळमजल्यावर एक खोली भाड्याने घेतली, संडास आतच. इथली खोली ठेवली.

टेम्पो सकाळी आला. आयेला खुर्चीसकट खाली आणलं, एका बाजूने पप्पांनी धरली होती, दुसऱ्या बाजूने सावंतांनी. आये हवेत तरंगत सगळ्यांना सूचना देत होती. कॉम्प्युटर गोधडीत बांधलेले. मॅडम टेम्पोत मागे चढल्या आणि आयेच्या खुर्चीला हात लावून उभ्या राहिल्या.

दळवी काका खाली आले होते. सभेनंतर ते मॅडमशी बोलले नव्हते. थोडा वेळ दोरीची गाठ तपासल्यासारखं करत उभे राहिले, मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर चाललात. मग तुमचा होकार काय करायचा? शीटमधून काढू?"

"काढाल तर बघा!" मॅडम वरून म्हणाल्या. "चौतीस नंबर, होय. माझ्या हाताने लिहिलाय. मला घर पाहिजेच आहे, दळवी काका. तुमच्यापेक्षा जास्त पाहिजे. पुढच्या सभेला मी येणार आणि समोर बसून तुमचं मोजणं बघणार."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. आये ओरडली, "गो, बस खाली, पडशीत!" मॅडम बसल्या नाहीत. टेम्पो महामार्गाकडे वळेपर्यंत त्या उभ्याच होत्या, एक हात आयेच्या खांद्यावर, तोंड चाळीकडे.